शेवगावची खाट

भाकरी थापण्याचा आवाज पिठापिठाचा वेगळा असतो, हे मला बोर्डिंगात कळलं. बाजरीचं पीठ परातीत खरखरत थापलं जातं. ज्वारीचा आवाज मऊ, भरीव. सकाळी आंघोळीला रांगेत उभं राहिलं की स्वयंपाकघराकडं न बघताच कळायचं, आता पारनेरच्या भाकरी चालल्यात की शेवगावच्या. कारण आमच्या बोर्डिंगात पीठ एक नव्हतं. खोल्या नऊ, प्रत्येक खोली एका तालुक्याच्या मुलांची, आणि प्रत्येक खोलीचा पत्र्याचा डबा वेगळा. पारनेरची बाजरी, आमची ज्वारी, अकोल्याच्या पोरांचा जाडा तांबूस तांदूळ, श्रीरामपूरच्या खोलीचा कॅनॉलखालचा गहू. आमटी-भाजी तेवढी सगळ्यांची मिळून. मुलांना नावानं फारसं कुणी हाक मारत नसे, तालुक्यानं मारत. नगरला कॉलेजात होतो ती सगळी वर्षं मी ‘शेवगाव’ होतो, आणि अजूनही बाजारपेठेत कुणी मागून तशी हाक मारली तर मान आधी वळते, कोण आहे ते मग आठवतं.

स्वयंपाकाला भागूमावशी होत्या. नऊ डब्यांच्या भाकरींच्या नऊ चळती त्या नऊ फडक्यांखाली ठेवत, आणि एकाची भाकरी दुसऱ्याच्या ताटात गेली असं कधी झालं नाही. चुकून श्रीरामपूरच्या चपातीकडं कुणाची नजर गेलीच तर त्या उलथनं दाखवायच्या. “नऊ सासवा हाईत मला,” त्या म्हणत, “अन् समद्या मिशाळ!”

हे असं का, तर त्याची एक हकिकत होती. मी यायच्या आधीची, म्हणून ऐकीव म्हणूनच लिहितो. पूर्वी बोर्डिंगाला एक रेक्टर होते. धान्याच्या कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला असे, आणि मुलांची ताटं हलकी होत गेली तशी रेक्टरांच्या घरची माणसं अंगानं भरत गेली, असं मुलं सांगत. खरं-खोटं मला ठाऊक नाही. मुलांनी एक दिवस किल्ली काढून घेतली, रेक्टर निघून गेले, आणि मुलांनी स्वतःचं राज्य सुरू केलं. पुन्हा कुणाच्या कमरेला किल्ली जाऊ नये ही एकच धास्ती मनात धरून त्यांनी नियम केले होते. कुठल्याही खोलीवर कुणाची सक्ती नाही. एका खोलीला एक मत, आत मुलं कितीही असोत. चिटणीस दर महिन्याला आळीपाळीनं, आणि त्यानं सरपण, मीठ, तेल, रॉकेल फक्त मागायचं. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर पुन्हा मागायचं. नियम बदलायचा तर नऊच्या नऊ खोल्यांचा होकार पाहिजे. एक खोली नको म्हणाली की झालं.

बऱ्या दिवसांत हे चालून गेलं. आमटीत मीठ कमी पडलं तर एकमेकांवर ढकलून हसायचो, एवढंच.

आमच्या शेवगावच्या खोलीत तिघं होतो. एकनाथ, भानुदास आणि मी. एकनाथ मितभाषी, असला तरी जाणवत नसे. भानुदास मात्र खोली भरून असायचा. उंच, काटकुळा, आणि पाठांतर करताना खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून तिच्यावर बोटांनी ठेका धरायचा. अर्थशास्त्राच्या व्याख्यासुद्धा तो त्या ठेक्यावर म्हणे. शेजारची पाथर्डीची खोली भिंतीवर धपाटे मारायची. मला त्या आवाजाशिवाय अभ्यास होईना अशी सवय लागली होती. आम्ही एका गावचे नव्हतो, घरची स्थितीही सारखी नव्हती. माझे वडील प्राथमिक शिक्षक, त्यांचा ठरलेला पगार. भानुदासच्या घरी कोरडवाहू जमीन आणि पाठची भावंडं. या फरकाचा मी तोपर्यंत विचारही केला नव्हता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत तो आधीपासूनच मुक्कामाला होता. त्या वर्षी सगळीकडं पसरला, एवढंच. एकनाथ सुट्टीला गेला तो परतलाच नाही, तिकडंच दुष्काळी कामावर लागला. डब्यातली ज्वारी संपली आणि रेशनची लाल मिलो, म्हणजे अमेरिकी ज्वारी, आली. तिची भाकरी तव्यावर फाटायची आणि घशात अडकायची. एका सकाळी भानुदास वळकटी बांधताना दिसला.

“कुठं?”

“खडी फोडाया. रस्त्याचं काम निघालंय आमच्याकडं.” तो गाठ मारता मारता म्हणाला. “बा एकटा किती रेटंल? समदं घर कामावर हाय. मी हितं बसून व्याख्या पाठ करू?”

“परीक्षेचं काय?”

“त्याच्या आत यीन की. पेटी राहू दे हितंच. अन् ऐक, माजी खाट कुनाला दिऊ नको.”

“नाही देणार.”

“देशील. तू लई भिडस्त हायेस. कुनी दोनदा मागितलं का देऊन मोकळा.”

“नाही देणार म्हटलं ना.”

तो हसला आणि पेटीवर एकदा बोटं वाजवून गेला.

त्यानंतर मी त्या खोलीत एकटा राहिलो. तीन खाटा, दोन उघड्या. संध्याकाळी दिवा लावला की तिन्ही खाटांच्या सावल्या भिंतीवर पडत आणि माणूस मात्र एकच. पाथर्डीची खोली आता भिंतीवर धपाटे मारत नव्हती. मारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी रोज केर काढताना भानुदासची पेटी उचलून तिच्याखालून झाडायचो आणि होती तिथंच ठेवायचो. घरून पत्रं येत, त्यांत पाण्याचं लिहिलेलं असे. उत्तरात मी अभ्यास बरा चाललाय असं लिही. खरं तर पुस्तक उघडलं की कान त्या ठेक्याची वाट बघायचे.

कॉलेजात धर्माधिकारी सर इतिहास शिकवत. वरणभातासारखं सरळ शिकवणारे सर. हातवारे नाहीत, विनोद नाहीत. त्यांनी त्या आठवड्यात अमेरिकेचं पहिलं सरकार घेतलं होतं. तेरा राज्यांनी इंग्रजांच्या राजाला झुगारलं, आणि पुन्हा राजा नको म्हणून आपलं मध्यवर्ती सरकार मुद्दामच दुबळं ठेवलं. त्याला कर बसवता येईना. फक्त राज्यांकडं मागणी करायची. सैनिकांचा पगार द्यायचा तर मागणी, देणं फेडायचं तर मागणी. राज्यं एकमेकांच्या मालावर जकात घेत. हुकूम बजावणारा कुणी प्रमुख नाही. आणि दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती हवी. एकानं मान हलवली की सगळं अडलं.

माझ्या बाकावर पारनेरच्या खोलीचा पवळे बसला होता. त्यानं मला कोपरानं ढोसलं. “शेवगाव, ही तर आपली बोर्डिंग हाय!”

सरांनी ऐकलं. “काय म्हणतोय पवळे?”

त्यानं सांगितलं. सर पहिल्यांदाच जरासे हसले. “आपल्या जिल्ह्यात तालुके किती?”

“तेरा!” वर्ग ओरडला.

“मग बघा.”

मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो, “पण सर, बोर्डिंगात नऊच आहेत.”

वर्ग हसला. आकडा चुकलेला मला तेव्हाही खपत नसे, आजही खपत नाही; घरात यावरून माझी पुष्कळ थट्टा होते. सर मात्र म्हणाले, “नऊ? नऊचंही काम आहे पुढं. उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. नवी घटना लिहायला बसले त्यांनी जुना नियम बाजूला ठेवला आणि ठरवलं की तेरापैकी नऊ राज्यांनी होकार दिला की घटना त्या नऊंपुरती लागू. उरलेल्यांनी यावं, नाहीतर बाहेर राहावं. पवळे हे वहीत भराभर उतरून घेत होता.

आमच्याकडं जे घडलं ते पाण्यावरून. विहीर आटली होती आणि नगरपालिकेचा टँकर आमच्या गल्लीत यायला लागला होता. त्या दिवशी टँकर थेट दाराशी आला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “बोर्डिंगचं पानी बोर्डिंगच्या टाकीत सोडायचं. सही कोन करतंय?”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्या महिन्याचा चिटणीस जामखेडचा होता आणि गावी गेला होता. त्याच्या जागी दुसरा नेमायचा तर नऊ खोल्यांचं एकमत हवं. शिवाय पाणी टाकीत सोडलं तर वाटणार कसं, म्हणून प्रत्येक खोलीनं आपापलं पिंप पुढं ढकललेलं. कुणाचं आधी, यावर बाचाबाची सुरू झाली. श्रीरामपूरचा गाडे, अंगानं थोराड, आपल्या पिंपावर हात ठेवून उभा राहिला. “आमची पोरं जास्ती, आमचं आधी.”

“खोलीला एक मत, तसं खोलीला एक पिंप,” कुणीतरी म्हणालं.

“अरं, तुमचा म्होरक्या कोन हाय?” ड्रायव्हर वैतागला.

“म्होरक्या न्हाई आमच्यात,” पवळेनं खरं तेच सांगितलं.

“मंग सभा घ्या तुमी. मी जातो पुढल्या गल्लीत.”

टँकर गेला. भागूमावशी रिकामी घागर कमरेवर घेऊन दारात उभ्या होत्या. “झालं का तुमचं राज्य करून?” त्या म्हणाल्या आणि चूल न पेटवताच घरी गेल्या. त्या दिवशी आम्ही फुटाणे खाल्ले, आणि प्यायला पाणी शेजारच्या घरांतून तांब्यातांब्यानं मागून आणलं.

पवळेनं दोन-चार दिवसांत नवे नियम लिहिले. जेवणघरात सगळे बसलो आणि त्यानं उभं राहून वाचले. सगळं धान्य एका कोठीत, पीठ एक. मत डोक्याला, खोलीला नव्हे. सहामाहीपुरता एक प्रमुख निवडायचा. तो ठरलेला वाटा मागणार नाही, घेणार. निर्णय बहुमतानं. मी मनात एकेक कलम ताडून बघत होतो आणि मला ती पटत होती. मग शेवटचं कलम आलं: जो महिनाभर गैरहजर राहील आणि वाटा देणार नाही, त्याची जागा रद्द होऊन दुसऱ्याला मिळेल.

खोल्यांचे होकार सुरू झाले. आठ खोल्या हो म्हणाल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “शेवगाव नाही.”

“काहून?” गाडे उसळला. “एकटा मानूस अन् खोलीभर मत!”

“भानुदास येणार आहे.”

“कधी?”

पवळे शांतपणे म्हणाला, “बाहेर पोरं जागंसाठी थांबलीत, शेवगाव. त्यांच्याबी गावाला दुष्काळच हाय. अन् सरांनी काय सांगितलं? तेरात नऊ पुरे. आपल्याला नवात सात पुरे. आठ झालेत.”

“जुन्या नियमात असं कुठं आहे?”

“अमेरिकेत तरी कुठं हुतं?”

नवे नियम आठ खोल्यांपुरते लागू झाले आणि मी बाहेर राहिलो. कुणी मला जा म्हणालं नाही. खोली माझी होती; स्वयंपाकघर तेवढं माझं उरलं नाही. खोलीच्या मागं तीन विटा मांडून मी चूल केली. मिलोची भाकरी मला काही केल्या थापता येईना; हातातच तिचे तुकडे व्हायचे, मग तुकडेच भाजायचो. धुरानं डोळे चुरचुरायचे, आणि ते सोयीचंही होतं. स्वयंपाकघरात विस्तव मागायला गेलो तर भागूमावशी म्हणाल्या, “परमुलखाचं पावनं आलं गं बाई!” पण निखारे त्यांनी खापरावर भरभरून दिले. “घे. इस्तवाला नियम न्हाई लावला अजून कुनी.”

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. बाजरी, ज्वारी, मिलो सगळं आता एकत्र दळलं जात होतं, आणि स्वयंपाकघरातून येणारा थापण्याचा आवाज एकच झाला होता. त्यात शेवगाव कुठं आहे ते ऐकू येईना. टँकर मात्र येऊ लागला होता. पवळे दारात उभा राहून सही करायचा, पाणी टाकीत पडायचं, आणि भांडण न होता वाटलं जायचं. तो पाण्याचा धो-धो आवाज मी माझ्या खोलीत बसून ऐके. ज्याला मी नको म्हटलं होतं ते चांगलं चाललं होतं, हे मला दिसत होतं.

एक दिवस तास संपल्यावर धर्माधिकारी सरांनी मला थांबवलं. माझ्या कपड्यांना धुराचा वास येत असणार.

“हातानं करून खातोस म्हणे?”

मी झालं ते सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तिकडंही एक राज्य सगळ्यांत शेवटपर्यंत बाहेर राहिलं होतं. लहानसंच होतं. बाकी सगळी आत गेली, सरकार सुरू झालं, तरी हे बाहेर.”

“मग?”

“आलं शेवटी.”

“का आलं, सर?”

“एकटं राहून करणार काय, हे एक. दुसरं म्हणजे, ज्यांना भीती वाटत होती त्यांच्यासाठी हक्कांची कलमं जोडायचं तोवर कबूल झालं होतं.” मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “तुझी हरकत सगळ्या नियमांना आहे, की एका कलमाला?”

“एका कलमाला.”

“मग नुसतं नाही म्हणून काय होणार? काय हवं ते मागून बघ.”

आज केडगावला आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेत कुणी नुसताच हात वर करून ‘आमचा विरोध’ म्हणून खाली बसला की मला सरांची ती खिडकी आठवते. मी त्याला विचारतो, हवं काय ते सांगा. बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. मीही केला नव्हता.

मी कलम लिहून पवळेकडं दिलं. दुष्काळी कामावर गेलेल्या मुलाची जागा तो स्वतः सभेत येऊन सोडेपर्यंत राखली जाईल. आणि मधे तो जेव्हा येईल तेव्हा पाहुणा म्हणून नव्हे, मेंबर म्हणून जेवेल. पवळेनं दोनदा वाचलं आणि सभा बोलावली. मी बाहेरचा, म्हणून मला आत बसता येईना. मी ओट्यावर बसलो. आतून गाडेचा आवाज येत होता. “खाटा मोकळ्या ठिवायच्या, अन् जी पोरं दारात हुबी हाईत ती कुठं झोपवायची?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला ते तेव्हाही चुकीचं वाटलं नाही. बराच वेळ बोलणं चाललं, मग हात वर झाले असावेत, कारण एकदम शांत झालं. पवळे बाहेर आला. “झालं. थोडक्यात झालं, पन झालं. ये आत.”

आत जाता जाता माझ्या ध्यानात आलं: जुने नियम असते तर श्रीरामपूरच्या एका नकारानं माझं कलम तिथंच पडलं असतं. ज्या मोडीत निघालेल्या नियमाच्या जोरावर मी अडून बसलो होतो, त्याच नियमानं गाडेलाही तेवढंच अडता आलं असतं. पानावर बसलो तेव्हा भागूमावशींनी न विचारता भाकरी वाढली. ती कुठल्या तालुक्याची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

भानुदास आला तो ऊन कडक झाल्यावर. दुपारी दारात उभा होता. रंग रापलेला, अंगठ्याला चिंधी बांधलेली, तळव्यांना भेगा. खोलीत येऊन त्यानं आधी खाटेकडं पाहिलं.

“ठिवली व्हय रं?”

“म्हटलं होतं ना.”

तो खाटेवर बसला. खाली वाकून पेटी ओढली, तिच्यावर बोटं टेकवली. पण ठेका धरला नाही. तशीच राहू दिली बोटं. मी त्याला जेवायला नेलं. भागूमावशी म्हणाल्या, “आलं का दुसरं शेवगाव! लई वाळला रं लेकरा,” आणि त्याच्या ताटात एकीवर एक भाकरी टाकली.

त्यानं घास मोडला आणि थांबला. “कुनाच्या वाट्यातलं खातोय मी?”

“कुणाच्या नाही. तू मेंबर आहेस.”

“अजून?”

“तू सोडेपर्यंत.” मी त्याला कलम सांगितलं.

तो खाली मान घालून जेवला, ताट बोटानं पुसून घेतलं. मग म्हणाला, “पेटी न्ह्यायला आलो हुतो रं. धाकट्याला हायस्कुलात घालायचंय. दोघांचं न्हाई जमत.”

“परीक्षा तरी दे.”

“न्हाई. उगं कशाला.” त्यानं तांब्या तोंडाला लावला. “आता ते तू सांगितलंस तसं, सभंत सांगावं लागंल व्हय मला?”

माझ्याच हातचे शब्द होते. त्याच्या पाठीमागं कुणी त्याची जागा काढून घेऊ नये, म्हणून ‘स्वतः सभेत येऊन’ असं मी मुद्दाम घातलं होतं. ती सोडायची वेळ आली तर सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या तोंडानं ते म्हणावं लागेल, हे मला सुचलं नव्हतं.

“मी सांगेन त्यांना,” मी म्हणालो.

“न्हाई. नियम हाय ना?”

संध्याकाळच्या जेवणाला तो उभा राहिला. भिंतीला टेकून, चिंधीचा अंगठा मुठीत घेऊन. “मी भानुदास, शेवगाव. माजी जागा सोडतो.” एवढंच. गाडे ताटावरून उठला, हात धुतले, आणि आमच्या खोलीतून पेटी आणून आपल्या खांद्यावर घेतली. “चल, स्टँडवर सोडतो,” तो म्हणाला. “शेवटची गाडी हुकंल न्हाईतर.” ते दोघं फाटकातून गेले, मागोमाग मी निघालो तर भानुदासनं हातानंच राहू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एक नवा मुलगा वळकटी घेऊन दारात आला. आमच्याच बाजूचा होता, बोलण्यावरून कळलं. तो आत यायला बिचकत होता. पेटीच्या जागी फरशीवर चौकोनी ठसा उरला होता, तेवढा भाग बाकीच्यापेक्षा उजळ.

“ही शेवगावची खाट ना?” त्यानं विचारलं.

“होती,” मी म्हणालो. “आता बोर्डिंगची आहे. टाक वळकटी.”